‘काळ’कर्ते परांजपे आणि मुळशीचे पाणी

बंडखोर पत्रकार म्हटले की मराठी माणसाच्या तोंडी जी मोजकी नावे येतात, त्यांत शिवराम महादेव परांजपे यांचे नाव असतेच. वाङ्मयेतिहासाच्या पुस्तकांतून आपण त्यांना वक्रोक्तीचे बादशहा म्हणून शिकतो आणि विद्यार्थ्यांनाही तसेच शिकवतो. मुळशीच्या सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास भोगला, हे मात्र एका ओळीत उरकले जाते. माझ्या मते परांजपे समजून घ्यायचे तर ती एक ओळच उलगडली पाहिजे. त्यांच्या विद्रोहाची खरी उंची तिथे दिसते आणि त्याची मर्यादाही तिथेच दिसते.

संस्कृतचा हा प्राध्यापक १८९८ साली पुण्यात ‘काळ’ हे साप्ताहिक काढतो. बातमीपेक्षा निबंध हा त्याचा प्राण. राजद्रोहाचे १२४-अ कलम डोक्यावर टांगलेले असताना सरळ बोलणे म्हणजे तुरुंग. म्हणून परांजपे वाकडे बोलले. ते राज्यकर्त्यांची स्तुती अशी करीत की वाचणाऱ्याला त्यातली शिवी ऐकू यावी आणि सरकारी भाषांतरकाराला ती कागदावर पकडता येऊ नये. पुराणातली एखादी कथा, एखादा ऐतिहासिक प्रसंग, कधी नुसती एखादी निर्जीव वस्तू घ्यायची आणि तिच्या आडून गुलामगिरीबद्दल बोलायचे, ही त्यांची रीत. ती दहा वर्षे चालली. १९०८ साली मुझफ्फरपूरच्या बॉम्बनंतर सरकारने त्यांना पकडले आणि एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. पुढे १९१० च्या छापखाना कायद्याखाली जबर जामीन मागितला गेला आणि ‘काळ’ बंद पडला. इतकी किंमत मोजणाऱ्या माणसाच्या धैर्याबद्दल शंका घेणे कृतघ्नपणाचे होईल.

पण या शैलीची आणखी एक किंमत होती. ती परांजप्यांनी मोजली नाही, वाचकाने मोजली. जी वक्रोक्ती सरकारपासून अर्थ लपवते, ती निरक्षर मावळ्यापासून आणि वेशीबाहेरच्या माणसापासूनही तो लपवते. संस्कृत काव्यनाटकांचे संस्कार ज्याच्या घरात आहेत, त्यालाच त्या निबंधातली मेख कळणार. त्याच १९०८ साली, त्याच पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक सुरू केले. त्यात आडवळण नव्हते. आमची मुले शाळेत बसू द्या, देवदासीची चाल बंद करा, असे रोखठोक मागणे होते. एका शहरात एकाच वर्षी दोन शिवराम लिहीत होते, आणि पहिल्याचे नाव आपल्याला शाळेत पाठ करावे लागले. दुसऱ्याचे नाव चळवळीत आल्यावर कळते.

आता मुळशीकडे वळू. १९१९ साली टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली आणि मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याचे ठरले. पाणी बोगद्यातून घाटाखाली कोकणात भिरा येथे सोडायचे, वीज करायची आणि ती मुंबईला न्यायची, अशी योजना. त्यासाठी मुळशीच्या खोऱ्यातली सुमारे पन्नास गावे आणि त्यांची भाताची खाचरे बुडणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. ‘जान किंवा जमीन’ ही त्याची घोषणा. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्याने दिले. विनायकराव भुस्कुटे लढ्यात होते, आणि त्याचा इतिहासही त्यांनीच पुढे लिहिला. १९२० पासून ‘स्वराज्य’ साप्ताहिक चालविणारे परांजपे या लढ्यात उतरले आणि १९२२ साली सहा महिने तुरुंगात गेले. तेव्हा ते साठीच्या उंबरठ्यावर होते. दुखणाईत वयात लेखणी खाली ठेवून शेतकऱ्याच्या बांधावर जाणारे संपादक त्या काळी किती होते? आजही किती आहेत?

तरीही प्रश्न उरतो की बुडणारी जमीन कोणाची होती. खोऱ्यातल्या पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या आणि मावळे त्यांवर कुळे म्हणून राबत होते. त्यामुळे लढ्यात लवकरच फट पडली. मावळ्याला जमीन हवी होती, सावकाराला चांगला भाव मिळाला तर चालणार होते. १८९४ चा भूसंपादन कायदा कागदावरचा हक्क ओळखत होता, घामाचा ओळखत नव्हता. मग ज्याचे कागदावर नावच नाही, त्याचे काय? महारवाड्यातल्या माणसाचे पोट बलुत्यावर आणि हाडकी-हाडोळ्याच्या तुकड्यावर होते. बलुते हे गावाशी बांधलेले असते, गाव बुडाले की ते संपते. बलुत्याची भरपाई कोणत्या तलाठ्याने कोणत्या रकान्यात लिहायची? (गुलामीचीही भरपाई मागावी काय, असे कोणी विचारील. ज्याच्या घरी दुसरी भाकरी नाही त्यानेच त्याचे उत्तर द्यावे.)

‘जान किंवा जमीन’ या घोषणेत जमीन नसलेल्या माणसाला जागा नव्हती, त्याच्याजवळ नुसती जान होती. परांजप्यांच्या विद्रोहाला परकी सत्ता स्पष्ट दिसत होती, कंपनीही दिसली. गावातली सत्ता दिसण्यासाठी गावकुसाबाहेर उभे राहावे लागते. ते उभे राहणे ज्यांच्या वाट्याला जन्मानेच आले होते, त्यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला होता. ‘स्वराज्य’ही त्याच वर्षीचे. पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापायला ‘केसरी’ तयार झाला नाही, ही हकीकत आपणा सर्वांना ठाऊक आहे.

१९२४ साली बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि लढा संपला. १९२७ साली भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले. परांजप्यांचे जन्मगाव महाड. त्याच वर्षी, २० मार्चला, त्या महाडात बाबासाहेबांनी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला. दोन आठवड्यांनी, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’ निघाला, आणि त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकटे लिहून काढीत. १९२८ साली त्यांनी मुंबईच्या कौन्सिलात महार वतनाचे बिल आणले. परांजपे १९२९ साली बेळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात वारले. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. तोवर मुळशीच्या खोऱ्यातल्या महारवाड्यांवरून तीस पावसाळ्यांचे पाणी गेले होते.