कागद की काच? मुंबई इलाख्यातील आरंभीच्या छायाचित्रणाचा एक प्रश्न

जुन्या छायाचित्राचा पुरावा म्हणून उपयोग करताना अभ्यासक त्यात काय दिसते एवढेच बहुधा पाहतो. ते कोणत्या द्रव्यावर घेतले गेले, हा प्रश्न तंत्रज्ञाचा समजून तो बाजूस ठेवतो. मुंबई इलाख्याचे उदाहरण पाहता ही उपेक्षा दिशाभूल करणारी ठरते.

१८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी यांच्यासारखे एतद्देशीय विद्वानही तिचे सभासद होते. त्या काळी निगेटिव्हसाठी मुख्यतः दोन मार्ग होते. एक, टॅलबटने १८४१ मध्ये पेटंट घेतलेला कागदाचा. दुसरा, आर्चरने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेला काचेवरील कलोडियनचा. काचेवर रेषा स्वच्छ उमटे आणि काही सेकंदांत काम भागे. परंतु काच ओली असेतो, म्हणजे काही मिनिटांतच, चित्र घेऊन ते धुवावे लागे. त्यासाठी अंधारी राहुटी, रसायने व मुबलक पाणी जवळ हवे. शिवाय उन्हाळ्यात कलोडियनमधील ईथर झपाट्याने उडून जाई. कागदाच्या तंतूंमुळे रेषा मऊ येत आणि प्रकाश मिनिटेच्या मिनिटे द्यावा लागे. तथापि कागद हलका व न फुटणारा होता. १८५१ मध्येच ल ग्रे याने सुचविलेला मेण चढविलेला कागद तर अनेक दिवस आधी सिद्ध करून ठेवता येई.

निवड अर्थातच कार्यानुसार झाली. भिवंडीजवळच्या लोनाड लेण्यांपर्यंत मुंबईहून काचा नेणे एक वेळ शक्य होते. विजापूर, बदामीच्या मजलांत ते दुर्घट होते. १८५५ मध्ये कंपनी सरकारने वास्तू व शिलालेख टिपण्यासाठी नेमलेल्या कॅप्टन टॉमस बिग्ज यांनी कागदच पत्करला. त्यांचे व त्यांच्यामागून आलेल्या डॉ. पिगू यांचे काम १८६६ साली लंडनहून ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. उलटपक्षी, मुंबईत राहून विविध जातिजमातींची चित्रे घेणाऱ्या विल्यम जॉन्सन यांना काच सोयीची होती. त्यांच्या ग्रंथाचे दोन खंड १८६३ ते १८६६ या काळात निघाले.

या निवडीचे परिणाम आजच्या वाचकालाही भोगावे लागतात. मिनिटभर स्थिर न राहणारा मनुष्य कागदावर पुसट होतो, अथवा उमटतच नाही. म्हणून कागदी चित्रातील निर्जन अंगण हा गाव ओस पडल्याचा पुरावा नव्हे. जॉन्सन यांच्या ग्रंथात चेहरे स्पष्ट आहेत खरे, परंतु आकृती एका निगेटिव्हवरून व पार्श्वभूमी दुसऱ्या निगेटिव्हवरून घेऊन जोडलेली चित्रे त्यात आहेत. तेव्हा त्या व्यक्ती त्या स्थळी उभ्या होत्या, असे मानता येत नाही. एकात माणसे हरपली, दुसऱ्यात माणसांची जागा हरपली.

सारांश, लिखित साधनाची भाषा व लिपी तपासल्यावाचून आपण त्याचा अर्थ लावीत नाही. छायाचित्राच्या बाबतीत त्याचे द्रव्य हीच त्याची लिपी होय, आणि वाचनाचा आरंभ तेथूनच झाला पाहिजे.