अंगण नसलेला उन्हाळा

मराठीत उन्हाळ्याच्या सुटीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आजोळ, आमराई, विहिरीतले पोहणे, फणसाचे गरे, रात्री गच्चीवर ऐकलेल्या भुतांच्या गोष्टी हे सारे आत्मचरित्रांतून आणि ललितलेखांतून इतक्या वेळा आले आहे की त्याचा एक साचाच होऊन गेला. या साच्याकडे नीट पाहिले तर त्यात एक वय हटकून सापडते. सात-आठ वर्षांच्या पुढचे, शाळेत जाणारे, म्हणून सुटी मिळवणारे हे मूल असते, आणि बहुधा तो मुलगा असतो. दीड-दोन वर्षांच्या मुलाला सुटी नसते, कारण त्याला शाळाच नसते. त्याला आठवणीही राहत नाहीत, त्यामुळे पुढे त्याच्याकडून आत्मचरित्रात त्या दुपारी येत नाहीत. त्या दुपारींची एकच साक्षीदार असते, ती म्हणजे त्याची आई. आणि तिने ते लिहिलेले फारसे आढळत नाही.

असे का झाले असावे, याचा थोडा शोध आम्ही येथे घेणार आहोत. त्यासाठी पनवेल हे गाव आम्हांला सोयीचे वाटते. खेडे, बंदर, बाजारपेठ, तालुक्याचे ठिकाण, उपनगर आणि महानगर अशा सगळ्या अवस्था या एका गावाने पाहिल्या आहेत. लहान मूल कडेवर घेतलेल्या बाईच्या वाट्याला या प्रत्येक अवस्थेत वेगळी दुपार आली.

पनवेल हे मूळचे वाटेवरचे गाव. 1830 मध्ये बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला, आणि मुंबईहून पुण्याला जाणारा प्रवासी पडावातून पनवेल बंदरात उतरून तेथून बैलगाडीने किंवा टांग्याने घाटाकडे निघू लागला. 1852 मध्ये येथे नगरपालिका आली; राज्यातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांमध्ये तिची गणना होते. पुढे 1863 मध्ये बोरघाटातून आगगाडी थेट पुण्याला पोहोचली. ती कल्याण-कर्जतवरून गेल्यामुळे पनवेल बाजूला पडले. पनवेलच्या पूर्वेला दिसणाऱ्या माथेरानवर मात्र त्याच सुमारास वेगळाच उन्हाळा आकार घेत होता. 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट तेथे पोहोचला, आणि गोऱ्या साहेबांची व मुंबईतल्या श्रीमंतांची कुटुंबे उन्हाळ्यात मुलाबाळांसह डोंगरावर जाऊ लागली. मुलांना सांभाळायला आया सोबत असे. उकाड्यातून मूल बाहेर काढायचे तर पैसा लागतो आणि दुसऱ्या बाईचे हात लागतात, हे या डोंगरावर तेव्हाच दिसून आले होते.

डोंगराखाली, जुन्या पनवेलमध्ये, उन्हाळा निभावण्याची रीत निराळी होती. कौलारू घर, शेणाने सारवलेली जमीन, पडवी, मागे विहीर, पुढे अंगण. गावात वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे अशी तळी. दुपारी मूल पडवीत झोळीत निजे, आणि झोका द्यायला घरातली कोणीतरी बाई, नाहीतर थोरली बहीण असे. सहाणेवर मुरडशेंग, हिरडा, वेखंड, जायफळ यांचे ठरलेले वेढे उगाळून गुटी होई. वैद्यकाची परंपरा या गावात जिवंत होती. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी 1872 मध्ये पनवेलातच धूतपापेश्वर या औषधी कारखान्याचा पाया घातला. आयुर्वेदाने बालवयाचे जे तीन भाग केले आहेत, त्यांतला मधला आम्हांला फार अर्थपूर्ण वाटतो. पहिल्या वर्षी मूल ‘क्षीरप’, म्हणजे दूध पिणारे. दुसऱ्या वर्षी ‘क्षीरान्नाद’, म्हणजे दूध आणि अन्न दोन्ही घेणारे. त्यानंतर ‘अन्नाद’. या मधल्या वयाला आज मराठीत सर्वमान्य असा सुटसुटीत शब्द नाही. तान्हे म्हणावे तर ते दुडूदुडू धावते. मोठे म्हणावे तर घटकेत पदराशी येते. आईपासून सुटू पाहणारे आणि सुटायला भिणारे हे मूल दिवसभर दोन्ही गोष्टी आलटूनपालटून करीत राहते. आईला थकवणारा उंबरठा तो हाच.

अंगणाचे हे चित्र रम्य आहे, म्हणूनच त्याविषयी सावध राहिले पाहिजे. ज्या घराला पडवी आणि विहीर होती, त्याच घरात आई स्वतः सोळा-सतरा वर्षांची असे, आणि जन्मलेली सगळी मुले जगतील याची खात्री कोणालाच नसे. मूल अनेक हातांत वाढे हे खरे, परंतु त्या हातांत बालविधवा आत्याचे हात असत आणि शाळेत न घातलेल्या थोरल्या मुलीचेही असत. विहीर सगळ्यांसाठी खुली नव्हती. गावकुसाबाहेरच्या आईला उन्हाळा म्हणजे पाण्यासाठी दुसऱ्याच्या दयेवर थांबणे होते, आणि मूल तेव्हाही कडेवरच असे. तेव्हा गेलेल्या अंगणासाठी नुसता उसासा टाकून भागणार नाही. त्या अंगणाने नेमके कोणते काम केले आणि ते कोणाच्या जिवावर केले, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

आता साहित्याकडे वळू. मराठीतले सर्वांत लाडके मातृचरित्र म्हणजे साने गुरुजींचे ‘श्यामची आई’. 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात ते लिहिले गेले आणि 1935 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात आई आहे ती मुलाने आठवलेली. त्याला कळू लागल्यानंतरची आई तेवढी त्यात येते. त्याला काही कळत नव्हते तेव्हाची आई त्याच्या हाती कशी लागणार? आईवरच्या आपल्या बहुतेक प्रसिद्ध कविताही मुलांनी लिहिलेल्या आहेत, आणि त्यांतल्या कित्येक आई गेल्यानंतरच्या आहेत. इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’ या लेखात बाईची ओळख अखेर मुलाच्या नावाने होते. त्यातला मिश्किलपणा वाचकाला भावतो; पण त्यातला मुलगाही शाळकरी आहे.

दोन वर्षांच्या मुलाची आई स्वतःच्या आवाजात बोलते ती जात्यावर. याच गुरुजींनी बायकांकडून ओव्या गोळा केल्या आणि त्यांचे ‘स्त्रीजीवन’ हे संकलन सिद्ध झाले, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. पुढे सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याचे मोठे काम केले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात तर एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. रांगणारे, पडणारे, हट्ट करणारे, तापाने फणफणलेले मूल या ओव्यांतून ठायी ठायी भेटते. या रचनेची वेळ ध्यानात घेण्यासारखी आहे. ओवी पहाटे होई, मूल उठण्यापूर्वी, किंवा ते मांडीवर पुन्हा निजल्यावर. हात कामात, मूल झोपेत आणि समोर जात्याला दुसरी बाई, असे तीन योग जुळून आले की बाईला शब्द सुचत. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाते थांबले. कष्ट वाचले, याचा आनंदच मानला पाहिजे. त्याबरोबर बाईला बोलण्याची ती एक हक्काची जागाही गेली, आणि तिच्या जागी दुसरी कोणती मिळाली हे सांगणे कठीण आहे.

कोकणातून आणि घाटावरून माणसे मुंबईला गेली तेव्हा अंगण पहिल्यांदा सुटले. गिरणगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत पडवी नव्हती. 1920 च्या दशकात मुंबईच्या कापडगिरण्यांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या. त्या पाळीला गेल्यावर दीड वर्षाच्या मुलाचे काय होत असे? सरकारने नेमलेल्या डॉक्टरबाईंनी आणि पुढे मजुरांच्या प्रश्नांवरच्या रॉयल कमिशनने जे नोंदवले ते वाचून मन सुन्न होते. मुलाने आई परत येईतो गुंगीत राहावे म्हणून त्याला अफू दिली जाई. तिच्या गोळीला ‘बाळागोळी’ असे लाडके नाव होते. बाळगुटी आणि बाळागोळी हे दोन शब्द उच्चाराला किती जवळचे आहेत! पहिल्यासाठी सहाण, पडवी आणि उगाळायला निवांत हात लागत. दुसरी विकत मिळे. त्या काळच्या अनेक सुधारकांनी याचा दोष आईच्या अज्ञानावर टाकला. आम्हांला तो न्याय वाटत नाही. ती बाई अडाणी असेल. पण तिच्यापुढे मूल आणि मजुरी यांपैकी एक निवडण्याचा प्रसंग रोज सकाळी येत होता, आणि त्यात शिकलेल्या बाईला तरी निराळे उत्तर कुठे सापडले असते?

कायद्याने हळूहळू दखल घेतली. 1929 मध्ये मुंबई प्रांताने प्रसूतिलाभाचा कायदा केला; देशात तो पहिला. त्याने बाळंतपणाच्या आगेमागे काही आठवडे दिले. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांविषयी तो गप्प होता. 1948 च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असतील तेथे पाळणाघर बंधनकारक केले, आणि 1976 मध्ये ही मर्यादा तीसवर आणली. 2017 च्या दुरुस्तीने पगारी रजा 26 आठवड्यांची झाली व पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर आले. मात्र हे सारे नोंदलेल्या नोकरीपुरते होते. जी बाई घरी असते, किंवा जिची मजुरी कोणत्याच हजेरीपटावर नसते, तिच्या दुपारी या कायद्यांच्या बाहेरच राहिल्या.

ही उणीव ज्यांनी ओळखली त्यांत ताराबाई मोडक यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम करून आणि 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत भाग घेऊन त्या महाराष्ट्रात परतल्या, दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केला. 1945 मध्ये त्या समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या; अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. बालवाडी उघडली, पण वस्तीतली दलित मुले तेथे येईनात. तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली, आणि ‘अंगणवाडी’ ही कल्पना आकाराला आली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. आज सरकारी फलकावरचा हा शब्द आपण वाचतो आणि पुढे जातो. त्यात एक मोठा विचार दडलेला आहे. अंगण ही खासगी मालमत्ता होती, जातीच्या कुंपणातली होती. ताराबाईंनी ते सार्वजनिक केले. जुन्या अंगणाचे काम राखून त्याचा अन्याय वगळण्याचा मराठी समाजाने केलेला हा सर्वांत गंभीर प्रयत्न होय, असे आमचे मत आहे.

1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली, आणि पनवेलच्या भोवतीच्या भातखाचरांवर नव्या वसाहती उभ्या राहू लागल्या. जुन्या गावाला लागून नवीन पनवेल आले. मग कळंबोली, कामोठे, खारघर. 1998 मध्ये लोकलगाडी पनवेलपर्यंत आली, त्याच वर्षी कोकण रेल्वेचा मार्गही पूर्ण खुला झाला. वाटेवरचे गाव पुन्हा वाटेवर आले. 1 ऑक्टोबर 2016 रोजी महानगरपालिका झाली. कोकणातल्या माहेरी जाणारी गाडी आता पनवेलच्या फलाटावरून सुटते. माहेरी गेल्यावर मात्र पूर्वीचे हात तेथे नसतात, कारण वहिनीही नोकरीला जाते आणि आई गुडघ्यांनी थकलेली असते.

मग उरते ती तिसऱ्या किंवा सातव्या मजल्यावरची दुपार. खाडीकडून येणारी दमट हवा, उतरलेले पडदे, बादलीत साठवलेले पाणी. देहरंग धरण आटले की जुन्या पनवेलात दिवसाआड पाणी येण्याचे उन्हाळे अनेक झाले आहेत, आणि दोन वर्षांच्या मुलाचा सर्वांत प्रिय खेळ तर पाण्याचाच! खाली बाग आहे, पण संध्याकाळी साडेपाचपर्यंत घसरगुंडीचा पत्रा हात लावू देत नाही. ऊन आता नुसते त्रासाचे राहिलेले नाही. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या मैदानावरील समारंभात उष्माघाताने 14 माणसे दगावली, ती मोठी माणसे होती. अशा उन्हात आईने मूल घरात ठेवले तर तिला दोष देता येत नाही. आणि घरात ठेवलेल्या मुलाच्या हाती तासाभरासाठी मोबाईल दिला की दोष द्यायला मात्र सगळे पुढे येतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले की वर्षाच्या मुलाला पडदा दाखवूच नये, दोन वर्षांच्या मुलाला तासाहून अधिक नको. सल्ला योग्यच आहे. मोबाईल आणि अफू यांची तुलनाही करण्याचा आमचा हेतू नाही. एकाने जीव जात असे. परंतु सल्ला देणाऱ्याचा सूर शंभर वर्षांपूर्वीचाच आहे, हे जाणवल्याशिवाय राहत नाही. आई एकटी का आहे, हे विचारायचे राहूनच जाते.

त्याच इमारतीच्या शेजारी नवी इमारत उठत असते. तेथे दोन खांबांना साडी बांधून केलेल्या झोळीत मजूर बाईचे मूल निजलेले असते. बांधकामावरच्या अशा मुलांसाठी फिरते पाळणाघर 1969 मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी सुरू केले, पुढे ते काम मुंबईतही आले. पण बांधकामे किती आणि पाळणाघरे किती! सातव्या मजल्यावरच्या खिडकीतली आई आणि खालच्या वाळूच्या ढिगाजवळची आई एकमेकींना दिसतात. दोघींची मुले एकाच वयाची, क्षीरान्नाद. दोघींनाही अंगण नाही. एकीला ते परवडत नाही, आणि दुसरी जे बांधते आहे त्याच्या नकाशातच ते नाही.

शहराचा इतिहास लिहिताना आपण रस्ते, रेल्वे आणि नगरपालिका यांची साले देतो. आम्हीही वर तीच दिली. त्या सालांच्या मधल्या दुपारींची नोंद करायची तर दोन वर्षांच्या मुलाच्या आईला आधी तासभर मोकळा मिळायला हवा. तो तास तिला कोणी द्यायचा, हे अजून ठरलेले नाही.