यादव घराण्याचा पहिला वॉचमन

आमच्या सिन्नरला इतिहास फार. इतका, की गावात राहणाऱ्याला त्याची गरजच पडत नाही. पाहुण्यांना गोंदेश्वराच्या देवळात न्यायचं, "हेमाडपंती बरं का!" म्हणायचं, की इतिहास संपतो आणि भेळ सुरू होते. मी तर कॉमर्सचा पदवीधर, त्यात बँकेतला कारकून. माझा भूतकाळाशी संबंध मागील बाकीपुरता. पण आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमधून माझी मोटार चोरीला गेली आणि मी एकदम यादवकाळात जाऊन पडलो.

मोटार जुनी. मी तिचा चौथा मालक. तिचा रंग पांढरा आहे, असं कागदपत्रांत लिहिलेलं होतं. चोर आले ते संध्याकाळी सात वाजता, उजळ माथ्याने. गाडी चालू होईना म्हणून त्यांनी धक्का मारायला घेतला. पहिल्या मजल्यावरच्या काकांना वाटलं, गॅरेजवाले आलेत. काका परोपकारी. खाली उतरून त्यांनीही हात लावला! विमा थर्ड पार्टीचा. म्हणजे माझ्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर कंपनी देणार, आणि माझी गाडीच गेली तर मी रडणार.

रविवारी सोसायटीची तातडीची मीटिंग भरली. ठराव एकच : वॉचमनला काढून टाका. चोरी झाली तेव्हा तो गेटवर नव्हता. सगळ्यांचे हात वर गेले. माझाही गेला. एवढ्यात इतिहासाचे निवृत्त मास्तर उठले.

"ज्या गावात बसून वॉचमनला काढताय," ते म्हणाले, "ते गाव एका वॉचमनच्या पोरानं वसवलंय!"

मग तास सुरू झाला. जिनप्रभसूरींचा 'विविधतीर्थकल्प' नावाचा चौदाव्या शतकातला जैन ग्रंथ आहे. त्यातली आख्यायिका अशी, की नाशिककडच्या लोकांची गुरं चोरांनी पळवली. दृढप्रहार नावाचा तरुण एकटा त्यांच्याशी लढला आणि गुरं परत घेऊन आला. लोकांनी खुश होऊन त्याला 'तलार' केलं. तलार म्हणजे नगराचा रखवालदार. हाच यादव घराण्याचा मूळपुरुष, नवव्या शतकातला. त्याचा मुलगा सेउणचंद्र. त्याने सेउणपूर वसवलं आणि ते सेउणपूर म्हणजे आपलं सिन्नर, असं अभ्यासक मानतात.

मी मनाशी हिशेब जुळवला. गुरं म्हणजे त्या काळची मोटारच की! पेट्रोलऐवजी कडबा, एवढाच फरक.

"पुढे वंशज मोठे झाले," मास्तर म्हणाले. "११८७ च्या सुमारास पाचव्या भिल्लमानं राजधानी देवगिरीला नेली. उभ्या कड्याचा डोंगर, चढायची सोय नाही. पण १२९६ साली अलाउद्दीन खिलजी आला, तेव्हा रामदेवरायाचं बरंचसं सैन्य बाहेर गेलेलं. घाईघाईनं किल्ल्यात पोती भरली. वेढ्यात ती उघडली, तर धान्याऐवजी मीठ निघालं म्हणतात. कडा होता जागेवर. पोतं उघडून पाहणारा माणूस नव्हता."

"आपल्याकडे कॅमेरा आहे," चेअरमन ताठ होत म्हणाले.

"मग दाखवा चित्रण."

चेअरमननी घसा साफ केला. कॅमेरा उद्घाटनापासून वायरला जोडायचा राहिला होता.

"मीठ!" मास्तर म्हणाले.

खरं तर आम्ही पार्किंगविषयी जागरूक लोक. स्टिल्टमधली जागा म्हणजे गॅरेज नव्हे, बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही, हा २०१० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आमच्याकडे मुलांनाही पाठ आहे. जागा सगळ्यांची, हे आम्ही भांडून सिद्ध केलं. पण सगळ्यांच्या जागेकडे लक्ष कुणी द्यायचं, हे ठरवायचं राहून गेलं.

"तू होतास कुठे रे त्या वेळी?" मास्तरांनी वॉचमनला विचारलं. एवढ्या गदारोळात त्याला हा प्रश्न पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं.

"कामाला गेलतो," तो खाली बघत म्हणाला.

"कुणाच्या?"

तो गप्प. मान वर करीना. माझा हात मात्र अजून वरच होता. त्या संध्याकाळी गिरणीत पाच किलो गव्हाचा डबा घेऊन तो रांगेत उभा होता, हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. त्यातला एक नाव सांगत नव्हता, आणि दुसऱ्याचं तर नावच ते होतं.

बँकेत रोकड कमी भरली, की काउंटरवरच्याने कबूल करायचं असतं. तेही संध्याकाळच्या आत. मी हात खाली घेतला.

"दळण माझं होतं," म्हणालो.

खोलीत शांतता पसरली. मग दुसऱ्या मजल्यावरून एकाने सकाळच्या दुधाची कबुली दिली, तिसऱ्याने इस्त्रीच्या कपड्यांची. चेअरमनची भाजी निघाली. देवगिरीचं सैन्य कुठे गेलं होतं, त्याचा पुरा हिशेब लागला! ठराव बारगळला.

मोटार अजून सापडलेली नाही. काका मात्र भेटले की सांगतात, "पण धक्क्याला लगेच चालू झाली हो!" आता दळण मीच नेतो, खांद्यावरून. गेटाशी वॉचमन उभा राहून "सायेब, द्या इकडं" म्हणतो. मी म्हणतो, "नको. तू गेट सोडू नकोस."