नास्तिक्याचा ‘का’: गिरगाव, लालबाग, दादर

१

मराठी चरित्रवाङ्मयात आणि त्यावर पोसलेल्या समीक्षेत नास्तिक लेखकाविषयी एक प्रश्न हमखास उपस्थित केला जातो: हा माणूस नास्तिक का झाला? उत्तर बहुधा त्याच्या आयुष्यात शोधले जाते. बालपणीचे दारिद्र्य, घरातील अकाली मृत्यू, इंग्रजी शिक्षण, पक्षाची दीक्षा, जातीमुळे वाट्याला आलेला अपमान यांपैकी एखादी गोष्ट हाती लागली की प्रश्न सुटला असे मानण्यात येते. भाविक लेखकाच्या बाबतीत मात्र हा प्रश्न क्वचितच पडतो. श्रद्धा ही जणू निसर्गस्थिती आणि अश्रद्धा ही विकृती असल्याने निदान फक्त दुसरीचेच करावयाचे, असे गृहीत यामागे असते.

या ‘का’चे दोन अर्थ संभवतात. एखादे मत कशामुळे निर्माण झाले, हा एक. आणि ते मत का मानावे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कारणात असते, दुसऱ्याचे युक्तिवादात. भूमितीचा सिद्धांत एखाद्याने छडीच्या भीतीने पाठ केला असेल, तरी त्या सिद्धांताची सिद्धता छडीत नसते. ही साधी गोष्ट नास्तिक्याच्या इतिहासलेखनात सुटून जाते. नास्तिकाचे म्हणणे ऐकून घेण्याऐवजी त्याला काय झाले होते याची चौकशी केली जाते. दक्षिण व मध्य मुंबईतील तीन वस्त्यांच्या आधारे ही चूक कोठे होते हे पाहावे, एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

प्रथम शब्दाचा विचार केला पाहिजे. ‘नास्तिक’ या शब्दाची सिद्धी पाणिनीने सांगितली आहे. टीकाकारांच्या मते परलोक नाही असे ज्याचे मत, तो नास्तिक. मनुस्मृतीने वेदाची निंदा करणाऱ्यास नास्तिक ठरविले. या दोन्ही अर्थांत ईश्वर केंद्रस्थानी नाही. म्हणूनच जगाचा कर्ता ईश्वर मानण्यास नकार देणारा मीमांसक कुमारिल आस्तिक ठरतो, आणि वेदप्रामाण्य न मानणारा बौद्ध, त्याचे आचरण कितीही शुद्ध असले तरी, नास्तिक. अर्थात मुळात हा शब्द एखाद्या सिद्धांताचे वर्णन करीत नव्हता; तो कुंपणाबाहेर कोण, हे सांगत होता.

आधुनिक मराठीत या शब्दाचा अर्थ प्रामुख्याने ‘देव न मानणारा’ असा झाला. पण अर्थ बदलला तरी शब्दाचा रोख गेला नाही. आजही ‘नास्तिक’ म्हणताना बोलणारा मताची नोंद करतो आणि त्याच श्वासात माणसाला बाहेर उभे करतो. पुढील विवेचनात हा जुना रोख सतत डोकावत राहील.

३

गिरगावातील अश्रद्धेची पूर्वपीठिका अश्रद्धांनी नव्हे, श्रद्धावंतांनी तयार केली. १८३० च्या सुमारास जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचे मुंबईत जाहीर वाद झाले. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी वाद घातले. या वादांचा इतिहास हिंदू आणि ख्रिस्ती अशा दोन पक्षांचा म्हणून सांगितला जातो. परंतु वादसभेत तिसराही एक पक्ष असतो, तो म्हणजे श्रोता. मिशनरी पुराणांतील चमत्कारांना पुरावा मागत होता. शास्त्री बायबलातील चमत्कारांना तोच प्रश्न विचारीत होता. प्रत्येकाची तलवार दुसऱ्याच्या ग्रंथावर चालत होती. दोघांचेही नीट ऐकणाऱ्या श्रोत्यापुढे एक तिसरी शक्यता आपोआप उघडी होत होती: दोघांचेही खंडन खरे मानण्याची. धर्माला पुरावा मागता येतो हा धडा धर्मप्रसारकांनी आणि धर्मरक्षकांनी मिळून दिला.

हा धडा लगेच कोणी शेवटापर्यंत नेला नाही. १८४९ मध्ये स्थापन झालेली परमहंस सभा जातिभेद मोडण्यासाठी गुप्तपणे एकत्र येत होती; परंतु तिच्यामागील दादोबा पांडुरंग ईश्वरवादीच होते. १८६७ च्या प्रार्थना समाजाने मूर्ती बाजूला ठेवून एकेश्वराची उपासना स्वीकारली. म्हणजे गिरगावातील सुधारकांचा प्रश्न ‘देव कसा असावा’ हा होता. ‘देव आहे काय’ हा नव्हता. तो प्रश्न मराठीत ठामपणे विचारण्याचे श्रेय पुण्याच्या आगरकरांकडे जाते.

गिरगावात तो रोजच्या व्यवहारात उतरविला रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. हे विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. ज्या विल्सनने मुंबईत धर्माला पुराव्याच्या कठड्यात उभे केले, त्याच्याच नावाच्या संस्थेत हा गणिती शिकवीत होता, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. या कार्यापायी त्यांना नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून १९५३ मधील मृत्यूपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. कर्व्यांच्या नास्तिक्यात आक्रोश नाही आणि देवाशी भांडणही नाही. विधान करणाऱ्याने पुरावा द्यावा, पुरावा नसेल तर विधान मानू नये, हा त्यांचा नियम; आणि तो शरीर, विवाह, नीती, देव या सर्वांना ते सारखाच लावीत. पाप या कल्पनेला धर्मग्रंथापलीकडे आधार नसेल, तर एखाद्या कृतीचे मोजमाप तिने होणाऱ्या अपायावरून करावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. कारण शोधणाऱ्या चरित्रकाराला येथे फारसे काही सापडत नाही. युक्तिवाद मात्र पानोपानी उभा आहे.

या युक्तिवादाला न्यायालयात जावे लागले. १९३१ मध्ये कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला होऊन दंड झाला. मुंबईच्या बुद्धिवाद्यांच्या ‘रीझन’ या इंग्रजी नियतकालिकात १९३३ मध्ये धर्म आणि नीती यांच्या संबंधावर लिहिल्याबद्दल डॉ. डी’अव्हॉइन यांच्यावर भारतीय दंडसंहितेच्या कलम २९५-अ खाली खटला भरण्यात आला. १९२७ मध्ये हे कलम आले ते एका धर्माने दुसऱ्याचा अपमान करू नये म्हणून. सर्वच धर्मांना प्रश्न विचारणाराही त्याच्या कचाट्यात येऊ शकतो, हे या खटल्याने दाखविले. १९३४ मध्ये डी’अव्हॉइन निर्दोष सुटले. त्याच वर्षी वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून कर्व्यांवर पुन्हा खटला झाला. त्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. कर्वे हरले, दंड झाला. परंतु गिरगावचा बुद्धिवाद आणि दादरचा मुक्तिविचार एका बाजूने उभे राहिल्याची नोंद त्या खटल्यात राहून गेली.

४

१९३४ हेच साल लालबागलाही महत्त्वाचे आहे. त्या वर्षी मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप झाला. आणि त्याच वर्षी लालबागमधील कोळी व व्यापारी यांनी, बाजाराला कायमची जागा मिळावी म्हणून केलेल्या नवसाच्या पूर्तीप्रीत्यर्थ, गणपती बसविला अशी परंपरा सांगितली जाते. एका वस्तीत, एका वर्षी, पोटापाण्याच्या प्रश्नावर दोन दारांशी दाद मागितली गेली. एक दार गिरणीचे, दुसरे देवाचे.

गिरणगाव नास्तिक होते असे म्हणणे चुकीचे ठरेल. १९२८ च्या प्रदीर्घ संपातून उभी राहिलेली गिरणी कामगार युनियन सभासदाकडून वर्गणी घेत होती, नास्तिक्याचे प्रतिज्ञापत्र नव्हे. कोकणातून व घाटावरून आलेला कामगार चाळीत भजन करीत होता, गणपतीला गावी जात होता आणि संपातही उतरत होता. या संस्कृतीत अश्रद्धा शिरली ती प्रबंधांतून नव्हे, तर रचनेतील एका बदलातून.

अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभारले. पारंपरिक तमाशाचा आरंभ गणाने होतो. गण म्हणजे गणपतीचे स्तवन. अण्णाभाऊंनी गण ठेवला, पण त्यात गणपतीच्या जागी मातृभूमी आणि तिच्यासाठी झिजलेली माणसे आणून वंदन त्यांना केले. देवाचे खंडन केले नाही. त्याची जागा दुसऱ्याला दिली. प्रेक्षकाला वंदनाची सवय होती. ती न मोडता वंदनाचा विषय बदलला. १९५८ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाच्या उद्घाटनपर भाषणात त्यांनी पृथ्वीचा भार शेषाकडून काढून श्रमणाऱ्या माणसाच्या हातावर ठेवला, तोही याच पद्धतीने. नारायण सुर्वे यांच्या १९६२ मधील ‘ऐसा गा मी ब्रह्म’ या संग्रहाचे शीर्षकही असेच वाचले पाहिजे. त्यात उपनिषदांतील महावाक्याची स्मृती आहे, ओवीची बोली आहे. आणि ‘मी’च्या जागी गिरणगावात वाढलेला एक अनाथ मुलगा आहे.

या अश्रद्धेला ‘हलाखीची प्रतिक्रिया’ म्हणणे सोयीचे असते. परंतु हलाखी हे जर कारण असेल, तर ती दोन परस्परविरुद्ध कार्ये घडविते असे म्हणावे लागेल. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप फसला, गिरण्या मोडल्या, युनियनच्या कचेऱ्या ओस पडल्या. त्यानंतरच्या दशकांत त्याच लालबागेत नवसाच्या रांगा मात्र लांबत गेल्या. आपत्तीने माणसे देवापासून तोडली नाहीत. अनेकांना त्याच्याकडे पाठविले. तेव्हा अण्णाभाऊ व सुर्वे यांच्या नकाराचे स्पष्टीकरण दुःखाने पुरे होत नाही. त्यांना दुःखाविषयी काही म्हणावयाचे होते: ते माणसाने निर्माण केले आहे आणि माणसानेच निवारावे. हे विधान खरे की खोटे यावर वाद घालता येतो. पण ते विधान आहे, कण्हणे नव्हे.

५

दादरचे उदाहरण सर्वांत अवघड, कारण तेथे देवळावरील टीका, धर्माचा त्याग आणि ईश्वराचा नकार या तीन गोष्टी शेजारी शेजारी आढळतात आणि त्या एक नाहीत. प्रबोधनकार ठाकरे यांनी देवळांवर व भिक्षुकशाहीवर प्रखर हल्ला चढविला. पण १९२६ मध्ये दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात अस्पृश्यांच्या पूजेच्या हक्कावरून संघर्ष झाला, तेव्हा त्यांनी उत्सव टाकून दिला नाही. सार्वजनिक नवरात्रोत्सवाचा पर्याय पुढे केला. भांडण देवाशी नव्हते, दाराशी होते.

आंबेडकरांचा प्रवास दारापासून सुरू होऊन फार पुढे गेला. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० मध्ये सुरू झाला. मार्च १९३४ मध्ये, म्हणजे पुन्हा त्याच साली, भाऊराव गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी तो पुढे चालविण्यास विरोध दर्शविला. आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून आपण ही चळवळ आरंभिली नव्हती. त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून आरंभिली, असा त्या पत्राचा आशय आहे. १९३५ मध्ये येवल्याची घोषणा झाली. मे १९३६ मध्ये दादरला नायगाव येथे झालेल्या परिषदेत त्यांनी धर्मांतराची बाजू सविस्तर मांडली. तेथेही प्रश्न ईश्वराच्या अस्तित्वाचा नव्हता. धर्म माणसाला काय देतो, हा होता.

ईश्वराचा प्रश्न शेवटी आला. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात ईश्वरावरील विश्वास धम्माबाहेर ठेवला आहे. तेथील युक्तिवाद दुपदरी आहे. ईश्वर कोणी पाहिलेला नाही, तो सिद्ध होत नाही, हा एक पदर. कर्व्यांना तो परका वाटला नसता. ईश्वर मानला की पूजा-प्रार्थनेचे सामर्थ्य मानावे लागते, त्यातून पुरोहित येतो, आणि पुरोहिताबरोबर सम्यक् दृष्टीचा नाश येतो, हा दुसरा पदर. तो गिरगावच्या बुद्धिवादात इतक्या स्पष्टपणे आढळत नाही. येथे ईश्वराची कल्पना एकटी तपासलेली नाही. तिच्यामागून काय काय घरात शिरते, ते तपासले आहे.

‘जातीच्या अपमानामुळे आंबेडकरांनी देव नाकारला’ हे वाक्य म्हणूनच अपुरे आहे. अपमानाने प्रश्न दिला हे खरे. उत्तर अभ्यासाने दिले. १९३५ ते १९५६ ही एकवीस वर्षे रागाची असती तर इतकी लांबली नसती. शिवाय या उदाहरणाने आपली नेहमीची विभागणीच मोडते. धर्म आणि ईश्वर यांचा अतूट संबंध आहे, हे गृहीत येथे टिकत नाही. दर ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर लाखो माणसे वंदनेसाठी येतात. त्यांना नास्तिक म्हणावे की धार्मिक? प्रश्न त्यांच्या वर्तनात नाही, आपल्या शब्दात आहे. आणि ‘नास्तिक’ या शब्दाचा जुना कुंपणाचा अर्थ येथे पुन्हा उघडा पडतो.

६

तीन वस्त्यांनी तीन प्रश्न विचारले. गिरगावाने विचारले, पुरावा काय? लालबागने विचारले, काम कोणी केले? दादरने विचारले, या विश्वासाने माणसाचे काय होते? हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळतात हे खरे, पण त्यांची उत्तरे वेगळी आहेत. पहिल्याला पुराव्याने, दुसऱ्याला इतिहासाने, तिसऱ्याला नीतिविचाराने उत्तर द्यावे लागते. ‘पाश्चात्त्य प्रभाव’ किंवा ‘वैफल्य’ या एकाच खुंटीवर तिन्ही टांगण्याने त्यांपैकी एकालाही उत्तर मिळत नाही.

कारणमीमांसा निरुपयोगी आहे असे येथे सुचवावयाचे नाही. इतिहासकाराला ती हवीच. या निबंधातही वादसभा, गिरण्या आणि खटले आले आहेत ते याचसाठी. आक्षेप आहे तो तिच्या एकतर्फी वापराला. कारणे सांगावयाची तर ती भाविकाचीही सांगावीत. आणि युक्तिवाद ऐकावयाचा तर तो नास्तिकाचाही ऐकावा. यातून आस्तिक खोटा ठरत नाही आणि नास्तिक खराही ठरत नाही. दोघे एका पातळीवर येतात, एवढेच.

ही पातळी केवळ समीक्षेच्या शिस्तीची बाब नाही. नरेंद्र दाभोलकर देव मानण्या-न मानण्यापेक्षा शोषणाच्या प्रश्नावर भर देत; श्रीराम लागू ईश्वराची कल्पनाच कालबाह्य मानीत; आणि दोघे हा मतभेद महाराष्ट्रभर एकाच व्यासपीठावरून श्रोत्यांपुढे मांडत. वाद कसा असावा याचा तो वस्तुपाठ होता. २० ऑगस्ट २०१३ रोजी दाभोलकरांची हत्या झाली. १८५७ मध्ये समुद्रकिनारी दोन पक्ष भांडत होते आणि तिसरा ऐकत होता. तो तिसरा श्रोता पुढे बोलू लागला, हा मुंबईतील अश्रद्धेचा इतिहास आहे. त्याला काय झाले आहे, हे विचारण्यापूर्वी तो काय म्हणतो आहे, हे ऐकण्याचे कर्तव्य आपल्यावर येते.