भातुकलीतला पंचनामा

आजचा भाग भातुकलीचा आहे. पण लहान मुलं जवळ असतील तर हेडफोन लावा, कारण या भातुकलीतल्या प्रत्येक घरात कोणीतरी मरून पडलंय.

आधी एक स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. बटाटे अर्धवट सोललेले. ओव्हनमधून काहीतरी भाजून नुकतंच बाहेर काढलंय. गॅसचे नळ उघडे, दाराच्या फटींत वर्तमानपत्राचे कागद कोंबलेले, आणि जमिनीवर घरातली बाई मेलेली. नवरा सांगतो, मी दुपारी तिच्याच कामासाठी बाहेर गेलो होतो. परत आलो तर दार आतून बंद. खिडकीतून पाहिलं आणि पोलिसांना बोलावलं.

कोणीही म्हणेल, आत्महत्या. पण मग ही बाई रात्रीचा स्वयंपाक कोणासाठी करत होती?

हे सगळं स्वयंपाकघर एका पेटीत मावतं. एक फुटाला एक इंच असं त्याचं माप. म्हणजे सहा फुटी माणूस इथे सहा इंचांचा. अमेरिकेत १९४०च्या दशकात अशी वीसेक दृश्यं बनवली गेली, पोलिसांना शिकवण्यासाठी. त्यांचं नाव ‘नटशेल स्टडीज ऑफ अनएक्सप्लेन्ड डेथ’. आणि बनवणाऱ्या होत्या फ्रान्सिस ग्लेसनर ली, साठी ओलांडलेल्या एक आजी.

फ्रान्सिसबाईंचा जन्म १८७८चा, शिकागोचा. वडील शेतीची यंत्रं बनवणाऱ्या धंद्यातले बडे श्रीमंत. भाऊ हार्वर्डला शिकायला गेला, बाईंच्या वाट्याला कॉलेज आलं नाही. शिवणकाम, विणकाम, घर नीटनेटकं ठेवणं, पाहुण्यांची सरबराई हे मात्र त्या उत्तम शिकल्या. विशी गाठण्याआधीच लग्न झालं, पुढे १९१४ला घटस्फोट. त्याच सुमारास त्यांनी आईसाठी शिकागोच्या सिंफनी ऑर्केस्ट्राची छोटी प्रतिकृती केली होती. नव्वद वादक, प्रत्येकाचं वाद्य वेगळं. म्हणजे हात आधीपासून तयार होता.

गुन्ह्याच्या तपासाकडे त्यांना वळवलं ते भावाच्या मित्रानं. डॉ. जॉर्ज मॅग्राथ हे बॉस्टनचे मेडिकल एक्झामिनर. संशयास्पद मृत्यूंची तपासणी हेच त्यांचं काम. त्या काळी अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी हे काम ‘कॉरोनर’ करायचा. आपल्या मुंबईतही इंग्रजांच्या काळापासून कॉरोनर असे, त्यामुळे जुन्या मंडळींना शब्द ओळखीचा असेल. तिकडचा कॉरोनर पुष्कळदा निवडणुकीतून यायचा आणि तो डॉक्टर असलाच पाहिजे असं काही नव्हतं. पोलिसांचीही तीच गत. रक्तावर पाय देतील, पिस्तूल उचलून हातात घेतील, मृतदेह हलवतील. त्यामुळे कुठे खून पचायचा, तर कुठे निरपराध माणूस आत जायचा. मॅग्राथ हे किस्से सांगत आणि बाई ऐकत.

बाईंनी नुसतं ऐकलं नाही. हार्वर्डमध्ये न्यायवैद्यकाचा विभाग उभा राहावा म्हणून पैसे दिले, ग्रंथालय दिलं, १९३६ला अडीच लाख डॉलर्सची देणगी दिली. १९४३ साली न्यू हॅम्पशायरच्या राज्य पोलिसांनी त्यांना कॅप्टन केलं. १९४५पासून हार्वर्डमध्ये पोलिसांसाठी शिबिरं सुरू झाली. गंमत बघा, हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेनं मुलींना पहिल्यांदा प्रवेश दिला तोही १९४५ सालीच.

शिकवायचं तर अडचण होती. खऱ्या खुनाच्या जागी पंचवीस पोलिसांना वर्ग भरवून उभं कसं करणार? तेव्हा बाई म्हणाल्या, जागाच वर्गात आणू.

भिंती, दारं, फर्निचर ही कामं सुतार राल्फ मोशर यांच्याकडे. दाराला चालणारी कुलपं, खिडक्यांना वरखाली होणारे पडदे. बाई स्वतः टाचण्यांवर इवलेसे मोजे विणत. सिगारेटी खऱ्या तंबाखूच्या. भिंतीवरच्या कॅलेंडरात महिना बरोबर. बाहुल्यांच्या चेहऱ्यावरचा रंगसुद्धा हिशोबानं दिलेला, कारण गॅसनं गुदमरलेल्या माणसाची कातडी वेगळी दिसते आणि मेल्यावर रक्त शरीरात कुठे साकळलंय त्यावरून देह नंतर हलवला का ते कळतं.

आणि दिवे! प्रसंग दिवसाचा की रात्रीचा, हे उजेडावरून कळायला हवं. मग दिवा चालू असणं हाच पुरावा होतो. पण त्या छोट्या बल्बांची उष्णता पेटीतल्या कापडा-कागदाला हळूहळू खात होती. २०१७ला वॉशिंग्टनच्या रेनविक गॅलरीत प्रदर्शन भरलं, तेव्हा जुने बल्ब काढून एलईडी बसवले. पांढराफटक उजेड पडला असता तर सगळा प्रसंगच बदलला असता, म्हणून जुना पिवळसर उजेड साधण्यासाठी बरीच खटपट करावी लागली.

शिबिरात प्रत्येकाला नव्वद मिनिटं, एक टॉर्च आणि एक भिंग मिळायचं. बाईंची पद्धत अशी : डावीकडून सुरू करा, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरत कडेकडून मध्याकडे या. मृतदेह दिसला की नजर तिथेच खिळते आणि बाकीची खोली बघायची राहून जाते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आपल्याकडे पंचनामा लिहिणाऱ्यानंही हे लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

पण मला सगळ्यात जास्त अडवून ठेवतं ते वेगळंच. बाई राहायच्या वाड्यासारख्या घरात, पण पेट्यांमध्ये बऱ्याचदा दिसतात भाड्याच्या खोल्या, पोपडे आलेल्या भिंती, दारूच्या बाटल्या. मेलेल्यांमध्ये बायका पुष्कळ. ज्यांच्या मरणाला एका ओळीत ‘आत्महत्या’ किंवा ‘अपघात’ लिहून फाइल बंद व्हायची, अशी ही माणसं. त्यांच्या ओट्यावर बटाटे किती सोलले होते, हे एका श्रीमंत आजीनं टाचणीएवढ्या बारकाईनं मांडलं आणि पोलिसांना नव्वद मिनिटं तिथे उभं केलं. स्वयंपाक अर्धवट टाकून कोण मरायला जातं, हा प्रश्न घर चालवलेल्या माणसालाच आधी सुचतो. ‘बायकी’ म्हणून जे त्यांना शिकवलं, तेच तपासाचं हत्यार झालं.

फ्रान्सिसबाई १९६२ साली गेल्या. पुढे हार्वर्डनं तो विभाग बंद केला आणि पेट्या बाल्टिमोरला पोचल्या. अठरा पेट्या आजही तिथे मेरीलँडच्या मेडिकल एक्झामिनरच्या कार्यालयात आहेत आणि अजून शिकवायला वापरल्या जातात. म्हणूनच उत्तरं गुप्त आहेत. सुरुवातीच्या त्या स्वयंपाकघराचं काय झालं, ते मीही तुम्हाला सांगू शकत नाही! फोटो मात्र इंटरनेटवर आहेत. मोठे करून बघा, डावीकडून सुरुवात करा, आणि तुमचा अंदाज मला जरूर कळवा.