गिरणीतली मेहनत म्हणजे व्यायाम का?

‘दिवसभर राबतो, मग वेगळा व्यायाम कशाला?’ नागपुरात हे मी नेहमी ऐकतो. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये इथं एम्प्रेस मिल सुरू केली आणि कित्येक पिढ्यांनी तिथं उभ्याउभ्या घाम गाळला. अशा घामाने वजन उतरतं का? याचं उत्तर पश्चिम बंगालच्या ज्यूट गिरणीतून आलं. ज्याँ मेयर आणि सहकाऱ्यांनी २१३ कामगारांचं जेवण आणि वजन तपासलं, निष्कर्ष १९५६ मध्ये छापले. बैठं काम करणारे सगळ्यात जाड, आणि त्यांचं खाणंही भरपूर. हलकं काम करणारे सडपातळ. पण त्यापुढे मेहनत वाढली तशी भूकही वाढली, वजन जवळपास तेवढंच राहिलं. म्हणजे कामाची हालचाल धरायचीच, पण ताटाकडेही बघायचं. आणि दिवसभर गाडीवरून डिलिव्हरी करत असाल, तर ते बैठंच काम समजा, भाऊ!