मोल आणि मान

परभणी जिल्ह्यांतील झरी १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत होतें. त्या संस्थानच्या सहाव्या निजामानें १९११ सालीं सिंहासनयुक्त रोल्स-रॉइस मागविली. अशा मोटारीची जाहिरात मोल नव्हे, मान पुढें करिते. १९५८ सालीं जाहिरातकार डेव्हिड ऑगिल्व्ही यांनीं मथळ्यांत वर्णिली ती तिची शांतता : ताशीं साठ मैल वेगांतही घड्याळाचाच काय तो आवाज! उलट, २००८ सालीं टाटांची नॅनो गाजली ती ‘एक लाखाची मोटार’ म्हणून. पावसांत स्कूटरवरून जाणाऱ्या कुटुंबासाठीं ती योजिली होती. परंतु ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्का तिला बाधला, असें पुढें स्वतः रतन टाटांनींच म्हटलें. सामान्य गृहस्थ काटकसर करितो ती खर्चांत, प्रतिष्ठेंत नव्हे. झरीसारख्या गांवीं दारापुढें मोटार उभी राहिली कीं शेजारी ती पाहावयास येतात. तेव्हां तिच्यावर स्वस्ताईची पाटी कोणास रुचेल?